करून देऊ नका, शिकवा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले दोन महिने कुठे गायब झाला होतात, असं एक-दोघांनी विचारलंसुद्धा. कुठेही गेले नव्हते. घरातच होते, लॅपटॉपसमोरच होते, पण लिहीत नव्हते. सिनेमा करत होते!

सिनेमा म्हणजे आपला घरगुती हो. आमच्या आक्काचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. ऐंशी वर्षं पूर्ण होऊन वर काही महिने झाले की माणसाच्या हजार पौर्णिमा पाहून होतात, असा तो हिशोब. आक्काने हजार पौर्णिमा पाहिल्या खऱ्या, पण गेल्या दोन वर्षांत तिला चंद्र नीट दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. म्हणजे कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धूसर होतं. माझ्याकडे बघायचं असेल तर ती माझ्या कानाकडे बघते. डॉक्टरांनी सांगितलंय की हे हळूहळू वाढत जाणार.

आमच्याकडे 1996 सालच्या गणपतीच्या तीन कॅसेटी होत्या. माझ्या यजमानांनी तेव्हा हौसेने हँडीकॅम घेतला होता. त्यात साताऱ्याकडचं आमचं माहेरचं घर आहे, पडवी आहे, आणि मुख्य म्हणजे आई आहे. चालती बोलती आई. घर पुढे विकलं, आई गेली, यजमानही गेले. कॅसेटी तेवढ्या कपाटात राहिल्या. त्या एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. म्हटलं, त्यातलं निवडून, पुतण्या-भाच्यांनी फोनवर काढलेलं थोडं जोडून तासाभराची फिल्म करावी आणि आक्काला दाखवावी. तिला दिसतंय तोवर.

हे 'दिसतंय तोवर' मनात होतं, म्हणून पुढची सगळी घाई आणि चिडचिड. एरवी मी काय संगणकाशी भांडायला जाणारी बाई नव्हे.

तर, मी एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरते, शॉटकट नावाचं. कापाकापी, जोडणी, नावं घालणं, आवाज कमी-जास्त करणं, एवढं मला जमतं. लॉकडाऊनमध्ये शिकले होते. फिल्म जुळवून झाली. मग 'एक्सपोर्ट' करायचं असतं. म्हणजे आपण जे तुकडे जुळवले त्यांची एकसंध फाइल संगणकाने बनवायची. 62 मिनिटांची माझी फिल्म. ती बनवायला लॅपटॉपला 4 तास 40 मिनिटं लागली! पंखा असा घरघरत होता की शेजारच्या वहिनींनी मिक्सर चालू आहे का म्हणून विचारलं. आणि एवढं होऊन शेवटी एका ठिकाणी माझंच चुकलेलं निघालं, आईच्या नावातली वेलांटी. म्हणजे पुन्हा 4 तास 40 मिनिटं.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, लॅपटॉप जुना झाला तुझा. नवा घे, ऐंशी-नव्वद हजारांत चांगला येईल." 

आता मंडळी, माझा लॅपटॉप 2021 सालचा. त्याला जुना म्हणायचं तर मग मला काय म्हणायचं? आणि घेताना याच भाच्याने दुकानात मला सांगितलं होतं की "मावशी, थोडे जास्त पैसे घाल, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला घे, व्हिडिओला उपयोगी पडेल." मी घातले होते जास्त पैसे. मग ते कार्ड कुठे गेलं?

हाच प्रश्न बंगळुरूच्या नातवाला विचारला. तो हसला. म्हणाला, "आजी, कार्ड आहे ना. ते वापरलंच जात नाहीये. थांब, मी करून देतो." त्याने तिकडे बसून माझ्या लॅपटॉपचा ताबा घेतला. माझ्या डोळ्यांसमोर बाण इकडून तिकडे पळाला, चार खिडक्या उघडल्या, मिटल्या. सहा मिनिटांत "झालं आजी!" मी पुन्हा एक्सपोर्ट लावलं. 1 तास 50 मिनिटांत फाइल तयार. मी त्याला भरभरून आशीर्वाद दिले, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला नातवाचं कौतुक सांगितलं.

पंधरा दिवसांनी लॅपटॉप सुरूच होईना. दुरुस्तीला दिला. दुकानदाराने विंडोज नव्याने घालून दिलं. फिल्मचं सगळं सामान मी बाहेरच्या डिस्कवर ठेवलं होतं, म्हणून वाचले. शॉटकट परत घेतलं, फिल्म उघडली, दोन नवे तुकडे जोडले, एक्सपोर्ट लावलं... आणि पुन्हा तीच घरघर. पुन्हा साडेचार तास.

नातवाला फोन लावला तर त्याच्या ऑफिसात कसलीशी धावपळ. "आजी, रविवारी बघू का?" कार्यक्रम शनिवारी! बरं, त्याने त्या दिवशी काय केलं होतं, हे मला एका अक्षराने सांगता येत नव्हतं. सहा मिनिटं मी पडद्यासमोर बसले होते, डोळे उघडे ठेवून. आणि माझ्या हाती काय राहिलं? काहीच नाही. 

मला राग आला. पोरावर नाही, स्वतःवर. आणि मग तीन दिवस बसून मी ते शिकले. काय शिकले ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला तरी उपयोगी पडेल. माझं मत नंतर.

माझ्यासारख्या लॅपटॉपमध्ये चित्राचं काम करणारी दोन यंत्रं असतात. एक मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असतं. माझ्यात ते इंटेलचं आहे. वीज कमी खातं, तापत नाही. दुसरं म्हणजे ते वेगळं कार्ड. माझ्यात एनव्हिडियाचं आहे, त्याची स्वतःची मेमरी वेगळी. ते ताकदीचं, पण वीज जास्त खातं आणि तापतं. सारखं चालू ठेवलं तर बॅटरी भराभर संपेल. म्हणून 2010 च्या सुमारास अशी पद्धत आली की रोजचं काम साध्या यंत्राने करायचं आणि जड काम आलं तरच कार्डाला उठवायचं. कल्पना चांगलीच आहे. अडचण एवढीच की काम जड आहे की हलकं हे ठरवतं कोण? तर संगणक स्वतःच ठरवतो. आणि तो नेहमी बरोबर ठरवतोच असं नाही.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे आपला अंदाज न करता बघणं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये गेलं की डाव्या बाजूला प्रोसेसर, मेमरी आणि खाली 'जीपीयू 0', 'जीपीयू 1' असं दिसतं. माझ्याकडे शून्य म्हणजे इंटेल आणि एक म्हणजे कार्ड. एक्सपोर्ट चालू असताना बघितलं तर प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला आणि जीपीयू 1 च्या नावापुढे सपाट रेघ. शाळेत एका पोराला सगळे फळे पुसायला लावावेत आणि बाकीच्यांनी खिडकीतून बाहेर बघावं, तसला प्रकार.

दुसरी पायरी, कार्डाचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला त्या कार्डाशी बोलायला लागणारा दुभाषा. विंडोज नव्याने घातलं की ते आपल्याजवळचा कुठला तरी ड्रायव्हर लावून देतं. तो जुना असू शकतो. कार्ड यादीत दिसतं, चालतंही, पण नव्या सॉफ्टवेअरला फाइल बनवण्यासाठी जेवढा नवा ड्रायव्हर लागतो तेवढा तो नसतो. माझं नेमकं हेच झालं होतं. कार्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून माझ्या कार्डाचा नवा ड्रायव्हर घेतला, लॅपटॉप बंद करून चालू केला.

तिसरी पायरी विंडोजची. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स. तिथे प्रोग्रॅमांची यादी असते. आपला प्रोग्रॅम नसेल तर शोधून घालायचा आणि त्याच्यापुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडायचं. 'लेट विंडोज डिसाइड' म्हणजे तुझं तू ठरव, आणि 'पॉवर सेव्हिंग' म्हणजे काटकसर. ही सोय विंडोज 10 मध्ये 2018 साली आली. इथे माझी अर्धी सकाळ फुकट गेली, कारण मी जे जुने धडे बघत होते त्यात सगळे जण एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कार्ड निवडायला सांगत होते. पूर्वी ते बरोबरच होतं. आता ही निवड विंडोज आपल्या हाती ठेवतं, तसं त्या पॅनेलमध्ये लिहिलेलंही असतं. लिहिलेलं न वाचता मी मात्र धड्यात दाखवलेलं बटण शोधत बसले! पोरांना जन्मभर सांगत आले, आधी प्रश्न नीट वाचा.

हे केल्यावर एक्सपोर्ट लावलं. फरक? नावालाच. मी अक्षरशः रडकुंडीला आले. 

मग कळलं ते असं. विंडोजची ती निवड म्हणजे हा प्रोग्रॅम पडद्यावर जे दाखवतो त्यासाठी कुठलं यंत्र घ्यावं याची. फाइल बनवण्याचं काम कुणाला द्यायचं हे शॉटकटमध्येच वेगळं सांगावं लागतं. म्हणून चौथी पायरी: 'एक्सपोर्ट' च्या चौकटीत 'यूज हार्डवेअर एन्कोडर' अशी एक खूण करायची जागा आहे, आणि शेजारी 'कॉन्फिगर'. त्यात जी नावं येतात त्यांत ज्याच्या शेवटी 'एनव्हीएन्क' असेल ते एनव्हिडियाचं, 'क्यूएसव्ही' असेल ते इंटेलचं. आधी ड्रायव्हर जुना होता तेव्हा शोधूनही एनव्हीएन्क सापडत नव्हतं. आता सापडलं. खूण केली, एक्सपोर्ट लावलं.

आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू 1 ची रेघ तरीही सपाट! पण तोवर मी शहाणी झाले होते. त्या पानावर वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे आलेख असतात. 'थ्रीडी' चा आलेख खेळांसाठी वगैरे. फाइल बनवण्याचं काम कार्डावरच्या एका स्वतंत्र भागाकडे असतं, त्याचा आलेख 'व्हिडिओ एन्कोड'. तो निवडला, आणि रेघ वर चढलेली दिसली. मंडळी, नातवाने बोर्डात नंबर काढला तेव्हासुद्धा मी एवढी ओरडले नव्हते!

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या जागा वेगळ्या असतात. भाचा दाविंची रिझॉल्व्ह वापरतो, त्यात 'प्रेफरन्सेस' मध्ये 'मेमरी अँड जीपीयू' असं पान आहे, तिथे कार्ड आपण निवडू शकतो. अडोबीच्या प्रीमियर प्रोमध्ये 'प्रोजेक्ट सेटिंग्ज' मध्ये 'रेंडरर' असं विचारतात. नावं बदलतात, प्रश्न तोच: काम कोणतं, आणि ते कुणाला दिलंय? आणि हो, हे सगळं करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. बॅटरीवर असताना कार्ड हात आखडता घेतं.

आता खरं ते सांगते. कार्ड म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. माझ्या जुन्या कॅसेटींच्या चित्रात मुंग्या फार आहेत. त्या कमी करायला जो फिल्टर लावला होता, त्याचं काम शॉटकट प्रोसेसरवरच करतं. म्हणून वेळ 4 तास 40 मिनिटांवरून पावणेदोन-दोन तासांवर आला, दहा मिनिटांवर नाही. आणि कार्डाने घाईत बनवलेली फाइल त्याच आकारात प्रोसेसरने सावकाश बनवलेल्या फाइलइतकी नितळ नसते. आक्काला दाखवायच्या प्रतीत तो फरक कुणाला कळणारही नाही. पण आईची ही चित्रं मला पुढच्या पिढीसाठीही ठेवायची आहेत. म्हणून कार्यक्रम झाल्यावर एक प्रत मी मुद्दाम कार्ड न वापरता, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून बनवली. घाईच्या कामाला कार्ड, ठेवणीच्या कामाला धीर. हे मला नातवाने करून दिलं असतं तर कळलं नसतं. कारण करून देणारा "झालं" म्हणतो आणि जातो. काय झालं आणि काय नाही झालं, हे शिकणाऱ्यालाच कळतं.

आता माझं मत.

तरुण मंडळी आम्हा म्हाताऱ्यांना फार प्रेमाने मदत करतात, आणि त्या प्रेमातच आम्हाला पांगळं करतात. "दे इकडे, मी करतो." फोनचं काही असो, बँकेचं असो, तिकिटाचं असो. आपल्या हातातून वस्तू काढून घेतात, अंगठा भराभर फिरवतात, परत देतात. काम होतं. पण पुढच्या वेळी आम्ही पुन्हा तिथेच, आणि तुम्ही पुन्हा चिडलेले: "आजी, मागच्या वेळी दाखवलं होतं ना?" नाही रे बाळा. तू दाखवलं नव्हतंस, तू केलं होतंस. मी बघत होते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? खरं आहे. करून द्यायला सहा मिनिटं लागतात, शिकवायला तास लागतो. नोकरी, मुलं, प्रवास, सगळं आहे तुम्हाला. प्रत्येक गोष्ट शिकवा असं मी म्हणत नाही. विंडोज घालणं मला शिकायचं नाही, त्याला दुकानदार आहे. पण जे काम आम्हाला पुन्हा पुन्हा लागणार आहे, ते एकदा तरी आमच्या हाताने करवून घ्या. तुमचा हात खिशात ठेवा आणि तोंडाने सांगा. आम्ही चुकीच्या ठिकाणी दाबू. दाबू द्या. फार तर एक खिडकी मिटेल.

आणि आमच्या वयाच्या मंडळींना तर माझं जास्त सांगणं आहे. "आम्हाला काय कळतंय यातलं" हे वाक्य आपण किती सोयीने वापरतो! त्यात नम्रता कमी, आळस जास्त. ज्या बायकांनी स्टोव्ह उघडून पिन मारली, शिवणयंत्राला तेल घातलं, ज्या पुरुषांनी स्कूटरचा प्लग साफ केला, त्यांना सेटिंग्जचं एक पान वाचता येणार नाही? येतं. मी मराठी माध्यमातून बीए झालेली बाई, इंग्रजी माझं जेमतेम. 'एन्कोडर' चा अर्थ मी वहीत लिहून घेतला. तीन दिवसांत त्या वहीची पाच पानं भरली. पण ती पाच पानं आता माझी आहेत, लॅपटॉप दहा वेळा दुरुस्तीला गेला तरी.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही एक विनंती. बॅटरी वाचवा, जरूर वाचवा. पण माणसाने जास्तीचे पैसे मोजून घेतलेलं कार्ड रिकामं बसलं असेल, आणि तो साडेचार तास वाट बघत असेल, तर एक ओळ पडद्यावर लिहा ना, की "तुमच्याकडे एक कार्ड आहे, वापरू का?" एवढं विचारलं असतं तर भाच्याने मला नव्वद हजारांचा सल्ला दिला नसता. किती जणांनी असे धडधाकट लॅपटॉप 'जुना झाला' म्हणून बाजूला ठेवले असतील, देव जाणे.

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट टोचतेय, ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. 

मी 34 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दहावीचा निकाल चांगला लागला पाहिजे, असा वरून दट्ट्या असायचा. मग काय करायचे मी? परीक्षेला येतील असे निबंध फळ्यावर संपूर्ण लिहून द्यायचे. मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची. वेळ वाचायचा, निकाल लागायचा, पालक खूश, मुख्याध्यापक खूश. एका वर्षी मी 'मी पाहिलेला पूर' हा निबंध करून घेतला होता, आणि सहामाहीच्या पेपरात विषय आला 'मी पाहिलेला अपघात'. तपासायला घेतलं तर सतरा मुलांनी चार ओळी अपघाताच्या लिहिल्या होत्या आणि त्यानंतर रस्त्यात पूर आणला होता! शिक्षकांच्या खोलीत आम्ही खूप हसलो. मीही हसले. पोरांची फजिती म्हणून तो किस्सा पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

आता वाटतं, फजिती त्यांची नव्हती, माझी होती. मी त्यांना "झालं" म्हणून दिलं होतं. विषय बदलला तेव्हा त्यांच्या हाती काही नव्हतं, जसं विंडोज बदललं तेव्हा माझ्या हाती काही नव्हतं. त्यातली काही मुलं आता पन्नाशीला आली असतील. कुणी हे वाचत असेल तर बाईंना क्षमा करा. तुम्हाला चार वाईट निबंध तुमचे तुम्ही लिहू द्यायला हवे होते मी.

असो. 

शनिवारी कार्यक्रम झाला. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. आक्काची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ, थोडी तिरकी ठेवली, म्हणजे तिला कडेच्या नजरेने बघता येतं. आई पडवीत बसून मोदकाचं सारण ढवळत होती आणि कॅमेऱ्याकडे बघून "बंद करा ते" म्हणत होती. आक्का मान वाकडी करून बघत राहिली. म्हणाली, "आईच्या पदराला ते जळल्याचं भोक आहे बघ." आम्हा डोळे असणाऱ्यांपैकी कुणालाही ते दिसलं नव्हतं. मग तिने तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. आणि पुन्हा.

नंतर मला म्हणाली, "नातवाने केलं का गं हे?"

"नाही आक्का," मी म्हटलं, "मी केलं. त्याने आधी एकदा करून दिलं होतं, पण ते मोडलं."

"मग बरं झालं मोडलं," ती म्हणाली, आणि चष्मा पुसायला मागितला.

नातवाचा रविवारी फोन आला. "आजी, आता बघू या का?" मी म्हटलं, "नको रे, झालंय. पण तू माझ्या वहीतली पाच पानं तपासून दे." त्याने तपासली. दोन चुका निघाल्या. त्या त्याने दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली तसं मी त्याला थांबवलं. म्हटलं, कुठे चुकलं तेवढं सांग, दुरुस्त मी करते.

आता तुमच्यासाठी. ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी आहेत त्यांनी त्या आधी बाहेर काढा, बुरशी धरायच्या आत संगणकावर उतरवून घ्या. पुढची जुळवाजुळव अडली तर मला सांगा. पुण्यातले नातेवाईक घरी या, चहा मी करीन, शेजारी बसेन, वही उघडून वाचून दाखवीन.

माऊसला मात्र हात लावणार नाही.